मधल्या ओळीतलं आठवं घर

मनोहर ठवकर. माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी हेच नाव सांगतो. कार्यक्रमांत सांगतो, ऑफिसात सांगतो, लोक ऐकतात आणि म्हणतात, वा, गुरूचं नाव घेणारी माणसं आता राहिली कुठे. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

तो विनय नाही. काय आहे ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. कदाचित तुम्ही काकांना ओळखत नाही म्हणून.

आधी काका कोण ते सांगायला हवं. माझं गाव सौंसरजवळ. बाबा संत्र्यांच्या पेट्या ठोकायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.कॉम.ला जबलपूरला आलो आणि घमापुरात ठवकरांच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली. काका तेव्हा नोकरीत होते, रोज सकाळच्या बसने खमरियाला सरकारी कारखान्यात जायचे, फिटर म्हणून. आणि लग्नसराईत एका बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे.

दुसऱ्या वर्षी बाबांनी मला परत बोलावलं. आता बस झालं, पेट्यांच्या कामाला माणूस पाहिजे, म्हणाले. काकांनी सुट्टी टाकली, बस बदलत बदलत माझ्या गावी गेले, बाबांशेजारी जमिनीवर बसले आणि दिवसभर त्यांच्या हाताखाली खिळे देत राहिले. संध्याकाळी म्हणाले, ‘‘पोरगं मोजण्यात पक्कं हाय, भाऊ. त्याला परत नेऊन राहिलो मी.’’ एवढंच. बाबांनी दुसऱ्या दिवशी मला बसमध्ये बसवलं. मी आज टेबलखुर्चीवर बसून जे काही लिहितो, वाचतो — हेसुद्धा — त्या एका दिवसामुळे.

हे उपकार मी नेहमी सांगतो. पुढचं सांगत नाही.

काकांकडे गाण्याच्या पाच जुन्या तबकड्या, म्हणजे रेकॉर्ड, होत्या. तरुणपणी ते एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहून जॅझ ऐकायचे. लग्नाच्या बँडमधल्या पोराला ते बाजे कसे वाजतात हे समजत नव्हतं आणि पाय निघत नव्हता. पुढे तो ड्रायव्हर देश सोडून गेला आणि जाताना तबकड्या आणि प्लेअर त्यांना देऊन गेला. त्यातली एक चाल काकांना फार प्रिय. तिचं इंग्रजी नाव काही का असेना, आमच्याकडे ती ‘खिडकीवाली’.

ते मला शिकवायला लागले तेव्हा प्लेअर बंद पडला होता. सुई कुठे मिळेना. म्हणजे मी ती चाल कधी तबकडीवर ऐकली नाही, काकांच्या क्लॅरिनेटवरच ऐकली. मला त्यांनी गिटार घ्यायला लावली. म्हणाले, तू घरं बांधायची, मी आत फिरणार.

घर म्हणजे चार ठोके. इंग्रजीत बार म्हणतात, काका घर म्हणायचे. खमरियाच्या क्वार्टरांसारखी ओळीने आठ घरं. तशा चार ओळी झाल्या की चाल पुरी. पहिल्या दोन ओळी सारख्या, तिसरी निराळी, ती मधली, चौथी परत पहिल्यासारखी. एकदा चाल वाजवून झाली की घरं तीच ठेवायची आणि आत मनाने नवं काही वाजवायचं — पण आपण कितव्या घरात आहोत हे सुटता कामा नये. जॅझ म्हणजे एवढंच, असं काका म्हणत. कुठेही जा, कुणाबरोबरही बसा, चालीचं नाव आणि सूर सांगा, घरं सगळ्यांना ठाऊक असतात. अनोळखी माणसं एकत्र वाजवू शकतात ती त्या घरांच्या भरवशावर.

फक्त खिडकीवालीच्या मधल्या ओळीत आठ नाहीत, सात घरं. ‘‘ही तिची खुबी,’’ काका सांगायचे. ‘‘आठवं क्वार्टर बांधलंच नाही सरकारनं. सातव्यातून डायरेक्ट रोडवर.’’

मला ते जमायचं नाही. माझा हात प्रत्येक वेळी आणखी चार ठोके थांबायचा. कान म्हणायचा, इथे अजून एक हवं. आणि काका क्लॅरिनेट खाली घेऊन हसायचे, ‘‘काहून थांबला बे? आठव्या घरात तुझी सासू राहते काय? चलो, फिरसे.’’ कधी चिडायचे. एकदा वंदनादीदीसमोर — त्यांची मुलगी, तेव्हा घरी असायची — म्हणाले, ‘‘मी याच्या बापाला सांगून आलो, पोरगं मोजण्यात पक्कं हाय. अन् हा सात मोजून नाही राहिला.’’ दीदी हसली. मी पण हसलो. मला ते लागलं होतं — इतकं की आज सोळा वर्षांनी तिच्या हातातली भाजीची परात मला आठवते.

शेवटी मी सात शिकलो. वहीत चौकोन काढून ठेवले — आठांची ओळ, आठांची ओळ, सातांची ओळ आणि पुढे एक रिकामी जागा, मग पुन्हा आठ. प्रत्येक चौकोनात काय वाजवायचं ते लिहिलं. काकांना लिहिलेलं संगीत वाचता येत नव्हतं, पण ते चौकोन त्यांना आवडायचे. कॉलनीचा नकाशा म्हणायचे.

मग नोकरी लागली, लग्न झालं, मी दुसरीकडे राहायला गेलो. तरी दर रविवारी काकांच्या ओट्यावर आम्ही बसायचो. आणि एका दिवशी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर मला खिडकीवाली सापडली. तीच तबकडी, तेच वाजवणारे. मी डबा बाजूला ठेवला आणि मोजलं.

आठ.

पुन्हा लावलं. आठच. दुसऱ्या कुणी वाजवलेली शोधली, तिसऱ्या कुणी — सगळीकडे आठ. माझा कान पहिल्या दिवसापासून बरोबर होता!

तुम्हाला काय वाटतं, मी संध्याकाळी धावत काकांकडे गेलो असेन? गेलो. ओट्यावर बसलो, चहा प्यायलो, आणि बोललो नाही. वाईट वाटेल त्यांना, असं मनाशी म्हटलं. पण ते सगळं खरं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा काकांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती, आणि ती मला हातातून सोडायची नव्हती. मी घरी आठ घरांनी सराव करायचो आणि रविवारी ओट्यावर सात घरांनी वाजवायचो. वर्षभर. सातव्या घरापाशी काका माझ्याकडे बघून भुवई उडवायचे — बघ, खुबी — आणि मी हसून मान डोलवायचो.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत पुण्याहून तिघे जण आले. पियानो, बास आणि ड्रम. सिव्हिल लाइन्समधल्या एका छोट्या हॉलमध्ये रविवारी सकाळचा कार्यक्रम. आयोजकांपैकी कुणीतरी काकांचं नाव सुचवलं होतं — शहरात हे जुनं संगीत वाजवणारा एक म्हातारा माणूस आहे, त्यांनी पाहुणा म्हणून एक चाल वाजवावी. सोबत गिटारवर मी. सराव नव्हता. या संगीतात तशी गरजच नसते, मघाशी सांगितलं ना — घरांच्या भरवशावर.

काका एकाहत्तर वर्षांचे होते. बँडचा लाल कोट नको म्हणून त्यांनी जावयाचा ब्लेझर मागून आणला. बाह्या थोड्या लांब होत्या. ऑटोत मी विचारलं, कोणती चाल. विचारायची गरज होती का? ‘‘खिडकीवाली. दुसरी कोणती?’’

घमापूर ते सिव्हिल लाइन्स. वाटेत रेल्वे फाटक बंद होतं. पुष्कळ वेळ होता. काका, त्यात आठ घरं आहेत, एवढंच वाक्य. मी ते तोंडात धरून बसलो होतो. फाटक उघडलं.

वाटलं होतं, स्टेजवर मी काही तरी खुणावेन. असंही वाटलं होतं — आणि हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतोय — की बघू या. एकदा त्यांचंही चुकलेलं बघू या.

पहिल्या दोन ओळी काकांनी अशा वाजवल्या की पुण्याच्या पियानोवाल्याने खुर्ची सरकवून त्यांच्याकडे तोंड केलं. मधली ओळ आली. सातवं घर संपलं आणि काका शेवटच्या ओळीत शिरले. बाकीचे तिघे आठव्यात. क्षणभर सगळं वाकडं झालं. पियानोवाल्याने माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याला मी ओळखतो, हे त्याला माहीत होतं. त्याच्या डोळ्यांत साधा प्रश्न होता — कुठे आहोत? मी काकांबरोबर गेलो असतो तर तेही तिघे आले असते. चांगले वाजवणारे असंच करतात, माणसाला सांभाळून घेतात. सगळं निभावलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

मी बोट वर केलं आणि मान हलवली. आठवं.

ते माझ्याबरोबर राहिले. काका एकटे एक घर पुढे. त्यांनी ऐकलं, थांबले, पुन्हा शिरायचा प्रयत्न केला, दुसऱ्या फेरीत त्याच जागी पुन्हा तसंच झालं. मग त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतलं आणि हसऱ्या चेहऱ्याने टाळीवर ताल धरून उभे राहिले. लोकांना वाटलं, आता गिटारची पाळी. मी वाजवलं. चांगलं वाजवलं. टाळ्या पडल्या.

आत गेल्यावर पियानोवाला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘तुम्ही होतात म्हणून निभावलं. आजोबांचं वय झालंय.’’ काका तिथेच क्लॅरिनेटचे भाग सुटे करून पुसत होते.

परत येताना ऑटोत त्यांनी क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेतली. मग म्हणाले, ‘‘नरेश, मधल्या ओळीत सातच ना बे?’’

‘‘आठ, काका.’’

‘‘अन् तू कसा गेला आठवर? तुले कसं मालूम?’’

आता बघा. याचं खरं उत्तर द्यायचं तर सांगावं लागलं असतं की मला वर्षभर माहीत होतं, आणि माहीत असून मी तुम्हाला स्टेजवर जाऊ दिलं. मी म्हणालो, ‘‘आपण नेहमी आठच वाजवतो, काका.’’

ते माझ्याकडे बघत राहिले. ‘‘नेहमी?’’

‘‘नेहमी.’’

मग ते म्हणाले, ‘‘उद्या वही घेऊन ये.’’

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. काकांच्या आईला शेवटची सहा वर्षं काही आठवत नव्हतं. मी वरच्या खोलीत राहायचो तेव्हा ती खाली होती. पोटच्या मुलाला ती विचारायची, ‘‘भैया, तुम्ही कुठले?’’ काका दर वेळी शांतपणे सांगायचे, इथलाच, घमापूरचा. सुरुवात कशी झाली हेही त्यांनी मला सांगितलं होतं. ती वातींची मोजणी चुकायला लागली होती, आणि चुकली हे मान्य करायची नाही. हे सगळं मला माहीत होतं.

त्या दुपारी मी घरी जाऊन वही काढली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती रिकामी जागा होती. एक चौकोन मावेल एवढी. निळ्या पेनने मी तिथे आठवं घर काढलं, आत लिहिलं, आणि शाई जुनी दिसावी म्हणून तळहाताने हळूहळू घासत बसलो. बायको विचारून गेली, काय करताय? मी म्हणालो, वही नीट करतोय.

दुसऱ्या दिवशी काकांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक घर मोजलं. पाच, सहा, सात. बोट पुढच्या चौकोनावर गेलं आणि तिथेच राहिलं.

‘‘अच्छा,’’ म्हणाले.

वही मिटून माझ्या हातात दिली. मी निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ‘‘बरं झालं तू लिहून ठेवलं. आईचं पण असंच सुरू झालं होतं.’’

तेव्हा तरी बोलता आलं असतं. नाही का?

काकांनी क्लॅरिनेट मला दिलं, तबकड्याही दिल्या. बँडला नाही म्हणून सांगितलं. कमानिया गेटच्या बाजारात एकट्याने जाणं सोडलं — वाट चुकलो तर? डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसला नाही. डॉक्टरला काय मालूम, ते म्हणत, माझं मोजणंच गेलं. पावसाळ्यानंतर वंदनादीदी त्यांना नागपूरला घेऊन गेली.

आणि मी? पुण्याच्या त्या तिघांनी मला पुन्हा बोलावलं, मग आणखी दुसऱ्यांनी. आता मी मुलामुलींना शिकवतोही. खिडकीवाली शिकवतो. आठ घरांनी. माझ्या गुरूंची आठवण शेवटी शेवटी गेली, असं एकदा एका मुलाखतीत बोलूनही गेलो. बोललो आणि माझाच आवाज मला खरा वाटला.

गेल्या वर्षी कमानिया गेटजवळच्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने तो प्लेअर चालू करून दिला. मी काकांची तबकडी लावली. त्यांनी कुठे चूक केली, कशी चूक केली, हे मला बघायचं होतं. मधली ओळ आली. सात.

पुन्हा लावली, डोळा सुईजवळ नेऊन. तिथे एक केसाएवढी चीर आहे. सुई तिच्यावरून उडते आणि पुढच्या रेघेत पडते. तबकडीची एक फेरी पावणेदोन सेकंदांहून किंचित जास्त. आणि त्या चालीच्या लयीत चार ठोके नेमके तेवढेच. खट्ट आवाज नाही, ठोका चुकत नाही. एक घर गायब होतं आणि कानाला कळत नाही. त्या तबकडीवर ही चाल एकदाच वाजून संपते, पुढे मनाच्या फेऱ्या नाहीत, त्यामुळे ताडून पाहायलाही दुसरी जागा नाही. काकांनी काही चूक केलीच नव्हती. त्यांनी जे ऐकलं ते जसंच्या तसं, पन्नास वर्षं, एकही ठोका न सोडता वाजवलं.

हे कळल्यानंतरही मी वर्षभर गप्प होतो. त्याला मी काय म्हणू?

गेल्या महिन्यात दीदीचा फोन आला. सहज, दिवाळीचा. बाबा बरे आहेत, म्हणाली. फक्त जिना उतरताना पायऱ्या मोजतात, मोठ्याने, आणि खाली आल्यावर तिला विचारतात — बरोबर आल्या ना गं? ती म्हणते, हो बाबा. तरी पुन्हा वर जातात.

फोन ठेवल्यावर मी लिहायला बसलो. पाठवलेलं पत्र असं —

ती. मनोहरकाकांना नरेशचा साष्टांग नमस्कार.

काका, तुमची आठवण गेलेली नाही. तुमचं मोजणं कधीच चुकलं नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोललो.

खिडकीवालीच्या मधल्या ओळीत आपण ओट्यावर नेहमी सात घरं वाजवायचो. तुम्ही मला सातच शिकवलीत. मी आठव्यात थांबायचो तेव्हा तुम्ही सासूवरून चिडवायचात. हे सगळं तुम्हाला जसं आठवतं तसंच घडलं आहे.

दुसरे लोक ती आठ घरांनी वाजवतात हे मला त्या कार्यक्रमाच्या एक वर्ष आधी मोबाइलवर कळलं होतं. मी सांगितलं नाही. ऑटोतही सांगितलं नाही. स्टेजवर पियानोवाल्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी त्यांना तुमच्याबरोबर नेऊ शकत होतो. मी नेलं नाही. नंतर तुम्ही विचारलंत तेव्हा आपण नेहमी आठच वाजवतो असं म्हणालो.

वहीतलं आठवं घर मी त्याच दुपारी काढलं. वही सोबत पाठवत आहे. उजेडात तिरपी धरली की त्या चौकोनाची शाई वेगळी दिसते आणि कागद घासलेला दिसतो.

तुमची तबकडी, दुरुस्त केलेला प्लेअर आणि क्लॅरिनेटही पाठवत आहे. तबकडीवर मधल्या ओळीत एक बारीक चीर आहे. तिथे सुई बरोबर एक घर उडी मारते. कितीही वेळा लावली तरी सातच येतात. तुम्ही खिडकीतून आणलेली चाल जशी होती तशीच वाजवलीत. ही गोष्ट मला वर्षभरापूर्वी कळली आणि तीही मी लपवली.

तुमच्या आईचं कसं सुरू झालं ते मला माहीत होतं. वहीवर हात घासत होतो तेव्हाही माहीत होतं.

वंदनादीदीला वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यातही हेच सगळं आहे, म्हणजे हे तुम्ही नीट वाचलं की नाही अशी शंका तुम्हाला येणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे. जिन्याच्या पायऱ्या तुम्ही मोजता तेवढ्याच आहेत.

मधल्या ओळीत सात घरं. मी तुमच्याकडून सातच शिकलो.

नरेश